साहेबांची कवळी

आमच्या ह्यांना दुसऱ्याचं तोंड उघडायला लावता येतं, स्वतःचं बंद ठेवता येत नाही. म्हणजे एरवी ठेवतात. गाळा बंद झाल्यापासून आठ महिने तर घरात नवरा आहे की कपाट, असा प्रश्न पडावा इतके गप्प होते. पण दातांचा विषय निघाला की संपलं! मग समोर कोण बसलंय, कशासाठी बसलंय, कसलं भान राहत नाही. म्हणून बँकेचे साहेब घर बघायला येणार त्या दिवशी मी सकाळी उठल्या उठल्या बजावलं होतं, "अहो, आज दात नाहीत. आज जगात कुणालाच दात नाहीत असं समजा."

"बरं," म्हणाले.

हे कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे, आणि हे त्या ठशावरून प्लास्टरचा साचा करायचे, साच्यावर मेण चढवायचे, मेणात एकेक दात बसवायचे. बाजाराच्या मागे एक गाळा होता आमचा, सव्वीस वर्षं. अर्ध्या वस्तीतली म्हातारी माणसं आमच्या ह्यांच्या दातांनी जेवतात. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं तर हे माणसाला ओळखायचे नाहीत, कवळीला ओळखायचे. "समोरचे दोन जरा लांब ठेवले होते मी तेव्हा," असं त्याच्या तोंडावर म्हणायचे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पाच वर्षांपूर्वी एक टाय लावलेला मुलगा आला आणि दात कोरणाऱ्या यंत्राचं पुस्तक दाखवून गेला. कॉम्प्युटरवर दात काढायचा, यंत्र तो कोरून देणार. हे चार रात्री झोपले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, घरावर कर्ज मिळतंय. मी म्हटलं, घरावर? तर म्हणाले, "अगं, घर कुठे जातंय?" मी सही केली. कुणी हात धरून करवली नाही, उगाच खोटं कशाला बोलू. त्या वेळी मलाही वाटलं की आपलं भलं होईल.

यंत्र आलं, दोन वर्षं बरी गेली. मग डॉक्टर मंडळींनीच तोंडात कॅमेरा घालून फोटो काढायला सुरुवात केली. फोटो थेट कुठल्याशा मोठ्या कंपनीला जातो आणि चौथ्या दिवशी कुरियरनं दात घरपोच. आमच्या गाळ्यात ठसे यायचे थांबले, हप्ते थांबले नाहीत. शेवटी यंत्र विकलं, घेतलं त्याच्या पाव किमतीला, आणि गाळ्याची किल्ली मालकाच्या हातात ठेवून हे घरी येऊन बसले ते बसलेच.

आता घराचं सांगते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. दुसरा मजला, लिफ्ट नाही, उन्हाळ्यात भट्टी. पण माझं. त्याआधी चौदा वर्षांत सात भाड्याची घरं बदलली मी. एका घरमालकिणीनं तर भिंतीला खिळा मारला म्हणून अनामत रकमेतून पैसे कापले होते, एका खिळ्याचे! ह्या घरात आले त्या दिवशी मी हातोडी घेतली आणि चार खिळे मारले. टांगायला काही नव्हतं, तरी मारले.

कर्जाचे एकतीस लाख राहिले होते. बँकेनं बंद पडलेल्या धंद्यांसाठी एक सवलत काढली. एकोणीस लाख एकरकमी भरा, बाकीचं माफ, घराचे कागद घेऊन जा. यंत्राचे सात होते, माझे दागिने मोडून पाच आले, उरलेले सात माझ्या दादानं त्याच्या म्हातारपणाच्या पैशांतून द्यायचं कबूल केलं. वहिनी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही, तरी त्यानं शब्द मागे घेतला नाही. अट एकच होती. धंदा खरोखर बंद असला पाहिजे आणि घरात दुसरं उत्पन्न असता कामा नये. ते बघायला बँकेचा माणूस घरी येणार, आणि त्याच्या अहवालावर सगळं ठरणार.

उत्पन्न कसलं डोंबलाचं! पण लोक यायचे. खालच्या इस्त्रीवाल्याच्या आईची कवळी पडून दुभंगली, ती घेऊन तो रडकुंडीला येऊन वर आला. कुणाला कवळी टोचायची, कुणाची ढिली व्हायची. हे गुपचूप नीट करून द्यायचे आणि एक पैसा घ्यायचे नाहीत. एकदा कुणीतरी दोन पेरू दिले होते, ती आमची वर्षाची कमाई. ह्या कामासाठी एक पत्र्याची पेटी होती त्यांच्याजवळ. तीत छोटा बर्नर, कोरण्या, पॉलिशचं हातयंत्र, गुलाबी पावडरचा डबा आणि ती घालून कालवायच्या औषधाची बाटली. दादा जन्मभर कचेरीत कागद हलवत आलेला. तो फोनवर म्हणाला, "ती पेटी दिसायला नको गं. बघणारा भलताच अर्थ काढतो. आणि भाऊजींना म्हणावं, हो आणि नाही, ह्यापलीकडे तोंड उघडू नका." म्हणून मी ती पेटी पलंगाखाली ढकलली आणि वरून जुनी चादर टाकली. इस्त्रीवाल्याच्या आईची कवळी खिडकीत वाटीत भिजत होती, तीही पेटीतच ठेवली. मीच ठेवली, माझ्या ह्या दोन हातांनी.

साहेब अकराला आले. साठीला टेकलेले, किडकिडीत, फाइल छातीशी धरलेली. चपला दाराबाहेर काढल्या, मला वहिनी म्हणाले. माणूस सरळ वाटला. फक्त बोलताना त्यांच्या तोंडात टक् टक् वाजत होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते, पण मांडीवरची बोटं हलायला लागली होती. 

साहेबांनी दोन्ही खोल्या बघितल्या, गॅलरी बघितली, स्वयंपाकघरात डोकावले. पलंगाजवळून गेले, वाकले नाहीत. मग बसून चहा घेतला. बिस्किट चहात इतका वेळ बुडवलं की त्याचा लगदा झाला, आणि तो जिभेनं टाळूला दाबून गिळला. ह्यांनी ते बघितलं. मी खोकले.

"धंदा कधी बंद केला?"

"आठ महिने झाले."

"घरातून काही काम चालतं?"

"नाही."

"दुसरं काही उत्पन्न?"

"नाही."

शाबास, म्हटलं मनात. साहेबांनी लिहून घेतलं, पेनाला टोपण लावलं, फाइल बांधली आणि उठले. माझा जीव भांड्यात पडला. दारात चपला घालताना ते म्हणाले, "माझ्याकडून तरी काही अडचण दिसत नाही, वहिनी," आणि 'दिसत' म्हणताना त्यांची खालची कवळी उडून पार ओठांपर्यंत आली. बिचाऱ्यांनी रुमाल तोंडावर धरला, अंगठ्यानं ती आत दाबली आणि ओशाळून हसले.

"हिरडी बसलीय तुमची," आमचे हे म्हणाले.

मी डोळे मिटले.

"कवळी चांगली आहे. हिरडी खाली गेलीय, म्हणून ती तरंगते. तीन वर्षं झाली असतील?"

"साडेतीन," साहेब दारातच थांबले. "दोन डॉक्टर झाले. दोघंही म्हणतात, नवी करा. दोन वर्षं धड जेवलो नाही हो मी. लग्नाकार्याला जात नाही. चारचौघांत घास घ्यायचीच भीती वाटते."

"नवी कशाला? आतून भरायची. अर्ध्या तासाचं काम आहे."

"अहो, साहेबांना घाई असेल," मी म्हटलं. आवाजात जेवढं तिखट घालता येईल तेवढं घातलं.

"नाही, तशी घाई नाही," साहेब म्हणाले, आणि चपला काढून परत आत आले.

हे आत गेले आणि पलंगाखालून पेटी ओढली. पत्रा फरशीवर घासला त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. चादरीसकट ओढली. साहेबांना खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि तळवा पुढे केला. साहेबांनी पाठ वळवून कवळी काढून दिली. तोंड आत गेलं आणि माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. मला दया आली, राग आला, काय काय आलं.

आता इथे मी थांबवू शकले असते. मला नाटकं येत नाहीत असं नाही. चक्कर आली म्हणून खाली बसले असते, गॅसवर दूध उतू जाऊ दिलं असतं, काहीही केलं असतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि नुसती बघत बसले. कारण गेले आठ महिने ह्यांच्या हातात चहाचा कप हिंदकळायचा. दाढी करताना कापून घ्यायचे. एकदा मी विचारलं, डॉक्टरांना दाखवू या का, तर म्हणाले, "काही नाही, हाताला काम नाही म्हणून." आणि आता तोच हात साहेबांची कवळी आतून खरवडत होता, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. पावडर कालवली, तो उग्र वास घरभर झाला. गाळ्यातून आल्यावर त्यांच्या शर्टाला यायचा तोच वास. साहेबांच्या हनुवटीला दोन बोटं लावून म्हणाले, "मिटा हळू. असंच राहायचं. हलायचं नाही हं," आणि साहेब शाळेतल्या मुलासारखे बसून राहिले. मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं. माझा नवरा मला परत दिसला, आणि त्याला तिथून उठवायला माझी जीभ रेटली नाही.

पॉलिश झालं, कवळी तोंडात गेली. ह्यांनी बशीतलं बिस्किट पुढे केलं. "चहा नाही. कोरडं खा."

कडकन आवाज आला. साहेबांनी चावलं, गिळलं, दुसरं घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "कमाल आहे," म्हणाले. टक् टक् बंद.

मग त्यांनी विचारलं, "अशी कामं येतात का तुमच्याकडे घरी?"

सहज विचारलं त्यांनी. मी शपथेवर सांगते, सहजच विचारलं.

"येतात की!" हे म्हणाले. आठ महिन्यांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. "लोकांना कुठे पाठवू? आता हीच बघा," म्हणत पेटीतून इस्त्रीवाल्याच्या आईची कवळी काढून दाखवली. "गेल्या आठवड्यात समोरचे मास्तर होते. त्याआधी रखवालदार. दात नसलेला माणूस जेवणार काय?"

"फुकट करतात हो," मी मध्ये पडले. "एक पैसा घेत नाहीत!"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग पेटीकडे, मग पेटीवर अडकलेल्या चादरीकडे. "ही पलंगाखाली असते?"

"हिनं ठेवली," हे कौतुकानं म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून. हिला पसारा दिसलेला आवडत नाही."

साहेब उठले. पाकीट काढलं, ह्यांनी हात जोडले. पाकीट खिशात ठेवून ते निघाले. मी गॅलरीतून खाली बघत होते. फाटकापाशी ते थांबले, फाइलीची नाडी सोडली आणि उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं. मोठं होतं, चार-पाच ओळी तरी असतील.

त्या रात्री हे दोनदा वाढून घेऊन जेवले. हिरडी कशी बसते, का बसते, सगळं पुराण सांगितलं. मी हं हं करत राहिले. मनात म्हटलं, माणूस कृतघ्न नसतो, लिहिलं असेल तर भलंच लिहिलं असेल.

नवव्या दिवशी पत्र आलं. 'आपला अर्ज योजनेच्या निकषांत बसत नसल्याने नामंजूर करण्यात येत आहे. संपूर्ण रक्कम तीस दिवसांत न भरल्यास तारण मालमत्तेचा लिलाव करण्यात येईल.' कारण दिलेलं नव्हतं. ह्यांनी ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, "काहीतरी चूक झाली असेल. तू साहेबांना भेटून ये. मला नाही जमणार गं, त्या इमारतीत गेलो की छातीत धडधडतं."

मी गेले. दुपारची वेळ, साहेबांच्या टेबलावर डबा उघडा होता. मला बघून ते उभे राहिले, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. ते त्यांनी पटकन डब्यात ठेवलं.

"काय लिहिलंत तुम्ही?" मी विचारलं. बसलेसुद्धा नाही.

त्यांनी फाइल काढून माझ्यासमोर सरकवली. लपवलं नाही, एवढं मात्र खरं. 'अर्जदार अत्यंत कुशल कारागीर असून राहत्या घरातून दंतकाम करीत असल्याचे प्रत्यक्ष पाहिले. साहित्य पलंगाखाली झाकून ठेवलेले आढळले.'

"अहो, पण तुमचंच काम करत होते ते!"

"म्हणून तर, वहिनी." त्यांचा आवाज खाली गेला. "माझ्या तोंडात आहे ते काम. त्यांनी स्वतःहून माणसं सांगितली. मी काय लिहायला हवं होतं, काही बघितलं नाही म्हणून? उद्या दुसरा कुणी आला, त्याला कळलं, तर माझं पेन्शन अडकेल. चार महिने राहिलेत माझे."

"फुकट करतात, मी सांगितलं होतं तुम्हाला."

"पेटी लपवलेली नसती तर मी तसं लिहिलं असतं. झाकलेली बघितल्यावर फुकट कसं लिहू?"

ती चादर मीच टाकली होती.   साहेब म्हणाले, "त्यांचा गुण लिहिला मी. वाईट एक अक्षर लिहिलं नाही." मग म्हणाले, "दोन वर्षांनी सालीसकट फळ खातोय. रोज त्यांची आठवण काढतो." माणूस खरं बोलत होता, त्याला शिव्या तरी कशा घालू? मी तशीच परत फिरले.

घरापर्यंत चालत आले. डोक्यात नुसता जाळ होता. आमच्या जिन्याला अडतीस पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर मी एकेक वाक्य तयार केलं. झाली का हौस फिटून? दुसऱ्याच्या तोंडात घास घातलात, आपल्या डोक्यावरचं छप्पर गेलं. आता फिरा सगळीकडे दात दाखवत. असं बरंच होतं, ह्याहून वाईटही होतं.

दार उघडं होतं. हे खिडकीशी बसून, टोचते म्हणून परत आलेली इस्त्रीवाल्याच्या आईची कवळी कानशीनं घासत होते. मान वर केली.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"का पण?"

मी पाणी प्यायले. पूर्ण तांब्या प्यायले. "वरून आलंय. त्यांच्या हातात नव्हतं काही."

"मी म्हटलंच," हे म्हणाले. "माणूस भला आहे. त्यानं आपल्यासाठी शब्द टाकला असणार."

मी तांब्या ठेवला. "घर आपणच विकू या. लिलावात मातीमोल जाईल. पत्र आलं तेव्हाच दादा म्हणाला होता, आपण विकलं तर कर्ज फिटून थोडे तरी उरतील. एक खोली भाड्यानं बघू."

 ह्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "माझ्यामुळे झालं."

 वाटलं, कळलं ह्यांना.

"ते यंत्र घ्यायला नको होतं," म्हणाले. "हातानं करत होतो ते बरं होतं."

"दोघांची सही होती," मी म्हटलं. "पुरे आता."

त्यांनी कानस परत उचलली, दोनदा घासलं आणि थांबले. "अगं, त्यांना विचारलंस का? भरून दिल्यावर आठवड्यानं विचारावं लागतं. कुठेतरी टोचत असतं, माणूस संकोचानं सांगत नाही, तसाच सोसत बसतो."

"विचारलं," मी म्हणाले. "नाही टोचत. सफरचंद खात होते."

"चिरून?"

"चावून. सालीसकट."

ते हसले. तोंड भरून हसले. त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच क्षणी असंही वाटलं की हे हसू घरात आहे तोवर ह्यांच्या कानावर काही जाऊ द्यायचं नाही. दादालाही बजावून ठेवलं पाहिजे, खरं कारण त्याला कळलंच तर तो ह्यांच्यासमोर गप्प बसणार नाही.

"उठा," मी म्हणाले. "दलालाला फोन करायचाय."